दोर काढू नका

पत्र (थोडं आटोपतं घेऊन):

"आमचे बाबा मागच्या पौषात गेले. वय ७९. फौजेतल्या गार्ड्स रेजिमेंटमधून हवालदार म्हणून निवृत्त झाले, ७१ च्या लढाईत होते. येत्या पौषात वर्षश्राद्ध आहे. मोठ्या भावाला गावच्या फाट्यावर पुतळा आणि कमान उभारायची आहे, वर 'शहीद' लिहून. मला वाटतं एक लहानसं पुस्तक काढावं. पण बाबा लढाईबद्दल फारसं बोललेच नाहीत. गावात मात्र सांगतात की त्यांनी एकट्यानं दहा पाकिस्तानी धरले. हे छापावं का? पेटीतली पदकं काळी पडलीत, ती चकचकीत करायची आहेत. कागद लॅमिनेट करा असं सगळे सांगतात.

आणि आई. काचबिंदूनं नऊ वर्षांपूर्वी तिची नजर गेली. बाबांनी तिच्या खाटेपासून न्हाणीपर्यंत दोर बांधला, जागोजागी गाठी मारून. वाढून देणं, वेणी घालणं, डोळ्यांत थेंब टाकणं, सगळं तेच करायचे. तिला लढाईचं विचारलं तर म्हणते, 'लढाईचं काय लिहिता बापा, त्याईनं मले नऊ वर्सं पडू नाही देल्लं, थे लिहा.' मंडपासाठी भाऊ तो दोर काढायचं म्हणतो. काय करावं?"

— एक वाचक, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

उत्तर:

दोर काढू नका. भावाला हे आजच सांगा.

आई त्या दोराला धरून रोज चालते, हे कारण तर आहेच. दुसरं असं की बाबांच्या वस्तूंपैकी पदकं सरकारनं दिली, गणवेश सरकारनं दिला, फोटो कुणीतरी काढला. दोर मात्र त्यांनी स्वतः मोजून बांधला. तुमचा भाऊ फौजी शोधतोय आणि आई नवरा शोधतेय. फौजी आणि नवरा, दोघं त्या दोरावर एकाच ठिकाणी सापडतात.

तेव्हा कामाला तिथूनच लागा. एका वहीत दोराचं माप लिहा: खाटेकडच्या टोकाची जमिनीपासून उंची, न्हाणीकडच्या टोकाची उंची, एकूण लांबी, पहिल्या टोकापासून प्रत्येक गाठीचं अंतर. कुठे एक गाठ आहे, कुठे दोन लागोपाठ आहेत, तेही टिपा. प्रत्येक गाठीजवळ फूटपट्टी धरून फोटो काढा. मग आईचा हात एकेका गाठीवर ठेवून विचारा, ही कशाची? उंबऱ्याची, पायरीची, डाव्या हाताला असलेल्या रांजणाची? ती सांगेल ते तिच्याच शब्दांत लिहून घ्या. ते आज तिला एकटीलाच माहीत आहे. तिची परवानगी असेल तर ती दोर धरून चालतानाचा मिनिटभराचा व्हिडिओ मागून काढा, तोंडासमोर फोन धरून नको.

दोराची तब्येतही बघून घ्या. नायलॉनचा असेल आणि अंगणातून जात असेल तर उन्हानं तो वरून मऊ, केसाळ होतो, हात फिरवला की पांढरी भुकटी लागते, आणि आतून कमजोर झालेला असतो. सुताचा असेल तर पावसात खुंटीजवळ कुजतो. खुंटीवर, खांबावर घासणाऱ्या जागा आधी तपासा, तुटतो तो तिथेच. बदलायची वेळ आली असेल तर तेवढ्याच जाडीचा नवा दोर जुन्याच्या दोन बोटं वर बांधा, गाठी त्याच अंतरावर मारा. नायलॉनमध्ये गाठ सरकते, म्हणून ओली करून ओढून घट्ट करा. आठ-दहा दिवस दोन्ही दोर राहू द्या. आईचा हात आपोआप नव्यावर गेला की मगच जुना उतरवा आणि गुंडाळी करून पेटीत ठेवा. आणि घरच्यांना बजावा, त्या दोरावर ओले टॉवेल टाकायचे नाहीत. झोळ पडला की गाठ आईच्या हाताच्या उंचीखाली जाते आणि ती वाकते.

आता बाकीचं.

आधी आईचं बोलणं, मग कागद

बहुतेक घरं उलट करतात. कागद जमवत बसतात, पदकं फ्रेम करतात आणि आईला विचारायचं राहून जातं. कागदाची नक्कल पुढच्या वर्षीही मागता येते. आईच्या आठवणींचं तसं नाही. सोयाबीन निघालंय आणि कापसाच्या वेचणीला अजून जोर चढलेला नाही, असे दसऱ्यापासून दिवाळीपर्यंतचे दिवस त्यासाठी ठेवा.

सकाळी लवकर बसा. पंखा, कूलर, टीव्ही बंद. पंख्याची घरघर आपल्या कानाला ऐकू येत नाही, पण फोनमध्ये ती आवाजाच्या वर बसते. फोन घडी केलेल्या टॉवेलवर ठेवा, तिच्या तोंडापासून हातभर अंतरावर. लाकडी पाटावर ठेवला तर बांगडी आपटली की ठणका येतो. फोन फ्लाइट मोडवर टाका, नाहीतर नेमक्या जागी फोन वाजतो आणि रेकॉर्डिंग तुटतं. एका बैठकीला अर्धा-पाऊण तास पुरे, अशा पाच-सहा बैठका करा. विचारणारा एकच माणूस हवा. शेजारच्या काकू बसल्या की आईच्या आधी त्याच उत्तर देतात.

सालं विचारू नका. "१९७१ मध्ये तू कुठे होतीस?" याचं उत्तर येत नाही. "७२ चा दुष्काळ पडला तेव्हा घरात कोण कोण होतं? बाबा त्याच्या आधी आले होते की नंतर?" असं विचारा. महाराष्ट्रातल्या त्या पिढीला तो दुष्काळ पक्का आठवतो, त्याच्या अलीकडे-पलीकडे बाकीचं लावता येतं. मुलांचे जन्म, विहीर खणली ते साल, घरावर टिनं आली ते साल, या सगळ्या तिच्या तारखा आहेत. तिला दिसत नसल्यामुळे फोटो दाखवून विचारण्याचा मार्ग बंद आहे, पण वस्तू हातात देता येतात: पट्ट्याचं बक्कल, मग, त्यांचा कंगवा, पेटीचं कुलूप. वस्तू हातात आली की बोलणं आपसूक सुरू होतं.

"कसं वाटलं?" हा प्रश्न टाळा, त्याचं उत्तर "काय वाटनार बापा" एवढंच मिळतं. विचारायचं ते असं. सुट्टी संपून ते निघायचे त्या सकाळी पेटी कोण उचलायचं? स्टँडपर्यंत कोण जायचं? सोबत काय बांधून द्यायची? पत्र आलं की कोण वाचून दाखवायचं? ते पत्र कुठे ठेवायची? नजर गेल्यावर त्यांनी पहिल्यांदा वेणी घातली तेव्हा कशी जमली? ती थांबली तर तुम्हीही थांबा. दहा-पंधरा सेकंदांची शांतता आपल्याला जड वाटते, पण नेमकी गोष्ट बऱ्याचदा तिच्यानंतर येते. आणि तिची चूक काढू नका. तारीख चुकली, गाव चुकलं तरी पुढे जाऊ द्या, नंतर टिपेत दुरुस्त करा.

फाईलला तारीख आणि विषय असं नाव द्या. त्याच दिवशी एक प्रत पेनड्राइव्हवर आणि एक दुसऱ्या घरच्या माणसाकडे गेली पाहिजे. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. जुन्या फोटोंनाही हेच लागू. साधा फोटो म्हणून पाठवला की त्याचा आकार घटतो आणि छापताना चेहरा फुटतो.

लिहून काढताना तिची वऱ्हाडी तशीच ठेवा. "त्याईनं मले पडू नाही देल्लं" याचं "त्यांनी मला पडू दिले नाही" केलं की आई त्यातून निघून जाते.

लढाईचं किती आणि कसं

बाबा बोलले नाहीत म्हणून पानं रिकामी राहतील ही भीती सोडा. इंटरनेटवरून युद्धाचा इतिहास उचलून चार पानं भरू नका, ते कुणी वाचत नाही. ३ डिसेंबर १९७१ ला युद्ध पेटलं, १६ डिसेंबरला ढाक्यात पाकिस्तानी फौजेनं शरणागती पत्करली, १७ ला पश्चिमेकडेही युद्धविराम झाला. एवढ्या तीन ओळी पुरतात. बाकी जागा बाबांची.

बाबा कुठल्या आघाडीवर होते हे पदकांवरून कळतं. पूर्व आघाडीवर होते त्यांना 'पूर्वी स्टार', पश्चिमेला होते त्यांना 'पश्चिमी स्टार'. त्या काळात सेवेत असलेल्यांना संग्राम मेडल मिळालं, त्यामुळे नुसतं संग्राम मेडल असेल तर आघाडी ठरत नाही. स्वातंत्र्याच्या २५ व्या वर्षाचं १९७२ चं पदक लढाईचं नव्हे, तेव्हा सेवेत असण्याचं. ही चूक पुस्तिकांमध्ये हमखास दिसते: चार पदकं म्हणजे चार लढाया असं लिहून टाकतात. घरात बाबांची जुनी पत्रं असतील तर पत्ता बघा. फौजी डाकेत गावाचं नाव नसतं, ५६ एपीओ किंवा ९९ एपीओ (आर्मी पोस्ट ऑफिस) असतं. ५६ ची डाक दिल्लीहून फुटते, ९९ ची कोलकात्याहून. पूर्वेला की पश्चिमेला, याचा हा दुसरा धागा.

गार्ड्स म्हणजे एक पलटण नव्हे. १९४९ मध्ये उभ्या राहिलेल्या या रेजिमेंटच्या अनेक पलटणी ७१ मध्ये वेगवेगळ्या ठिकाणी लढल्या. १४ गार्ड्सचे लान्स नायक अल्बर्ट एक्का आजच्या बांगलादेशातल्या गंगासागरच्या लढाईत कामी आले आणि त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. ४ गार्ड्स हेलिकॉप्टरनं मेघना नदी ओलांडून ढाक्याच्या वाटेला लागली. बाबांच्या पलटणीचा नंबर हातात नसताना यातलं काहीही त्यांच्या नावावर चढवू नका. 'गार्ड्स' एवढा एकच शब्द समान असतो आणि भाषणात तेवढ्यावर माणूस गंगासागरला पोचतो.

पलटणीचा नंबर, भरतीची आणि निवृत्तीची तारीख, पदकांची नोंद हे बाबांच्या डिस्चार्ज बुकात बघा. तिथे अपुरं असेल तर रेकॉर्ड ऑफिसला अर्ज करा. तुमचं सोपं आहे, गार्ड्सचं केंद्र आणि रेकॉर्ड ऑफिस नागपूरजवळ कामठीतच आहे. (हे वाचणाऱ्या इतर घरांसाठी: महार रेजिमेंटचं सागरला, मराठा लाइट इन्फन्ट्रीचं बेळगावला, तोफखान्याचं नाशिक रोड कॅम्पला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला.) अर्ज आईच्या नावानं करा, तिच्या अंगठ्यानिशी. त्यात आर्मी नंबर, हुद्दा, नाव, पीपीओ (पेन्शन पेमेंट ऑर्डर) नंबर लिहा. मृत्यूचा दाखला आणि आईचं ओळखपत्र यांच्या नकला जोडा. "माहिती द्यावी" असं मोघम लिहिलं तर मोघमच उत्तर येतं. पलटणी आणि त्यांतला कालावधी, पदकं, ७१ मधलं ठिकाण असं मुद्दे घालून मागा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत पाठवला तर पुढे विचारपूस करायला एक दार असतं. उत्तराला वेळ लागतो, तेव्हा हा अर्ज या आठवड्यातच जाऊ द्या.

दहा पाकिस्तानींची गोष्ट. ती खोटीच असेल असं नाही, पण ती कशी तयार झाली असेल हे बघा. शरणागतीनंतर सुमारे ९३,००० लोक भारताच्या ताब्यात आले, आणि १९७४ पर्यंत भारतातल्या छावण्यांमध्ये त्यांच्यावर पहारा होता. अशा पहाऱ्यावर असलेला जवान सुट्टीवर आल्यावर पारावर म्हणाला असेल, "माझ्याकडे दहा होते." 'दहा होते'चं 'दहा धरले' व्हायला दोन उन्हाळे पुरतात. बाबांनी स्वतः कुणाला सांगितलं होतं का, हे विचारत जा. ज्यानं त्यांच्या तोंडून ऐकलं असा एक जरी माणूस सापडला तर त्याच्या नावानं छापा. नाही सापडला तर "गावात अशी गोष्ट सांगतात" एवढ्याच शब्दांत एक ओळ. बाबा त्यावर गप्प राहायचे, हेही त्या ओळीला जोडा.

'शहीद' हा शब्द नको. लढाईवरून घरी आलेला, पुढे कितीतरी वर्षं संसार केलेला, ७९ व्या वर्षी आपल्या खाटेवर गेलेला माणूस शहीद नसतो. जे तिथेच राहिले त्यांचा तो शब्द आहे, आणि बाबांच्या पलटणीतही असे असतीलच. 'माजी सैनिक' पुरेसं आहे. तसंच गावात निवृत्त फौजीला 'मेजर' म्हणायची पद्धत असते. बोलण्यात ठीक. दगडावर मात्र हवालदारच. मेजर हा अधिकाऱ्याचा हुद्दा, आणि हवालदार ही काही झाकायची गोष्ट नाही.

पदकं, कागद, पेटी

पीतांबरी, चिंच, लिंबू, ब्रासो यातलं काहीही पदकांना लावू नका. स्टार काशाच्या रंगाचे असतात, तो तपकिरी थर म्हणजे मळ नव्हे. घासला की पितळी चमक येते आणि परत जात नाही. त्याहून मोठं नुकसान कडेला होतं. भारतीय गोल पदकांच्या कडेवर सैनिकाचा नंबर आणि नाव कोरलेलं असतं, तेही बारीक. दोन-तीन वेळा घासलं की अक्षरं बुजतात, आणि मग ते पदक बाजारातल्या नकलेसारखंच होऊन बसतं. मऊ कोरड्या सुती कापडानं हलकेच पुसा आणि भिंग धरून कडेवरचं, मागचं सगळं वहीत उतरवून घ्या. फीत धुवायची नाही, रंग एकमेकांत उतरतो.

फ्रेम करायचीच तर आतून दोन इंच खोल पेटीसारखी करून घ्या, म्हणजे काच पदकाला टेकत नाही. पावसाळ्यात टेकलेल्या जागी दव धरतं आणि हिरवट डाग पडतो. फेव्हिकॉल नको, गरम गोंदाची बंदूक तर नकोच. आत सुती कापड ताणून घ्या आणि पदकाच्या पिनेतून दोऱ्यानं टाके घाला. मागची फळी स्क्रूची हवी, पुन्हा उघडता आली पाहिजे. क्रम बाबांच्या गणवेशातल्या फोटोवरून घ्या. बघणाऱ्याच्या डाव्या हाताला सगळ्यांत मानाचं पदक येतं. फ्रेम करणारे देखणं दिसावं म्हणून मोठं पदक मधे घालतात, तेवढं सांभाळा. देवघराच्या वर टांगू नका, वर्षभरात काचेच्या आत काजळी शिरते.

लॅमिनेशन हे कागदाचं कायमचं नुकसान आहे. उष्णतेनं त्यातला चिकट थर कागदात मुरतो, पुन्हा काढता येत नाही, आणि शिक्क्याची शाई पसरते. चिकटपट्टीही नको, ती पिवळी पडून कागद खाते. डिस्चार्ज बुक, पीपीओ, जुनी पत्रं एकेक करून ओसरीतल्या उजेडात, थेट उन्हात नव्हे, फोन बरोबर समांतर धरून टिपा. किंवा संगणक केंद्रावर ३०० डीपीआयला स्कॅन करून घ्या. मूळ कागद उघडून, सपाट, पांढऱ्या सुती कापडात गुंडाळून ठेवा. घडीवरच कागद फाटतो, म्हणून पत्रं पुन्हा घडी घालून ठेवू नका.

बाबांची काळी पेटी टिनाच्या खोलीत असेल तर तिथून हलवा. मे महिन्यात यवतमाळकडच्या उन्हात टिनाखालची पेटी भट्टी होते. घरातल्या आतल्या खोलीत, दोन विटांवर, भिंतीपासून चार बोटं सोडून ठेवा, म्हणजे वाळवी चढताना दिसते. लोकरी गणवेशाला कसर लागते. पावसाळा संपल्यावर एकदा सावलीत वारा द्या, घडीच्या आत जुन्या धोतराची गुंडाळी घाला आणि दरवर्षी घडीची जागा बदला. डांबराच्या गोळ्या फोटोंना लागू देऊ नका. आणि १५ ऑगस्टला नातवाला तो गणवेश घालून शाळेत पाठवायचा मोह होईल. पाठवू नका, जुनी शिवण खांद्यावर पहिल्याच सलामीला उसवते.

यात एक गोष्ट आठवणींची नाही पण निकडीची आहे. आईची फॅमिली पेन्शन सुरू झाली का? पीपीओवर तिचं नाव आणि जन्मतारीख आधारशी जुळते का? हयातीचा दाखला दरवर्षी वेळेत जातो का? नसेल तर सैनिक कल्याण कार्यालयात तेच काम आधी. मूळ पीपीओ फ्रेममध्ये अडकलेला असू नये, एवढ्यासाठीही हे सांगतोय.

पुस्तिका

ए-फाइव्ह आकार, म्हणजे ए-फोरच्या निम्मा, १६ पानं. पानं चारच्या पटीतच घ्या, मधे पिना मारायच्या असतात. आतला कागद ९० जीएसएम मॅपलिथो, कव्हर २५० चं आर्ट कार्ड. नातेवाईक, गाव आणि माजी सैनिक धरून दीडशे प्रती होतील.

गडबड होते ती फॉन्टमध्ये. तुम्ही मजकूर फोनवर युनिकोडमध्ये लिहिणार. तालुक्याच्या प्रेसमध्ये अजून श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टवर काम चालतं. बदलताना रफार सरकतो, 'ऱ्या' फुटतो, 'ट्र' आणि 'श्र' वेगळेच होतात. 'फेऱ्या', 'पायऱ्या', 'ट्रक', 'श्राद्ध' हे शब्द शोधून शोधून तपासा. प्रूफ दोन वेळा: एकदा तुम्ही, एकदा तुमच्याशी नातं नसलेल्या शाळेतल्या सरांनी. घरचा माणूस नाव वाचत नाही, ओळखतो, म्हणून त्याला चूक दिसत नाही. नंबर आणि तारखा एकानं मोठ्यानं वाचायच्या, दुसऱ्यानं मूळ कागदावर बोट ठेवायचं.

सुरुवात "कै. ... यांचा जन्म एका गरीब शेतकरी कुटुंबात" अशी नको. मायाळू, कष्टाळू, शिस्तप्रिय हे शब्द प्रत्येकाच्या पुस्तिकेत असतात. त्याऐवजी एक सकाळ घ्या. साधारण असं, तपशील आईकडून आणि तुमच्या डोळ्यांसमोरचे भरून:

"पाचला उठून ते आधी दोराला हात लावत. कुठे सैल झालाय का बघत. मग चूल. आईचा चहा कपात नाही, स्टीलच्या पेल्यात, अर्धाच भरलेला, कारण भरलेला पेला तिच्या हातून सांडायचा. पेला हातात देताना ते काही बोलत नसत, फक्त त्याची कड तिच्या बोटाला टेकवत. वेणी तीन पेडांचीच, घट्ट, फौजेत पट्टा आवळतात तशी. आई म्हणायची, 'हळू जी.' ते म्हणायचे, 'झालं.'"

यात कौतुकाचं एकही विशेषण नाही. शिस्त दिसली, माया दिसली, सांगावी लागली नाही. अशी तीन-चार दृश्यं, मग सेवेचा पानभर तक्ता, मग लढाईचं पान-दीड पान, मग आईचं बोलणं तिच्या बोलीत, चार पानं. दोराचं माप आणि गाठींचा अर्थ शेवटच्या आतल्या पानावर, चित्र काढून. कव्हरवर गणवेशातला फोटो टाकला तर मागच्या कव्हरवर म्हातारपणीचा टाका, आई शेजारी असलेला.

आई ते वाचू शकणार नाही. छापायला देण्याआधी तिला सगळं मोठ्यानं वाचून दाखवा. तिनं "थे नोका लिहू" म्हटलं तर ते काढायचं, वाद न घालता. वाचतानाचा आवाजही रेकॉर्ड करून तिच्या फोनवर एका बटणावर लावून ठेवा.

पुतळा नको, दगड चालेल

सार्वजनिक जागेवर पुतळा उभारायला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, ग्रामपंचायतीचा नुसता ठराव पुरत नाही. ते नसताना बसवला की तो वादात जातो आणि बाबांचं नाव तहसीलच्या फायलीत. शिवाय स्वस्तातल्या पुतळ्याचा चेहरा कुणाचाच नसतो. भावाला कमानीचा आग्रह असेल तर त्या दिवसापुरता फ्लेक्स लावा, महिन्या-दोन महिन्यांत तो उडतोच.

त्याऐवजी स्वतःच्या घराच्या ओसरीत काळ्या ग्रॅनाइटची पाटी बसवा, दीड बाय दोन फूट. अक्षरं रंगवलेली नको, दोन-तीन मिलिमीटर खोल कोरलेली हवीत, आणि उंची किमान इंचभर. रंग उन्हात जातो, कोरलेलं राहतं. आणि आईला ती बोटांनी चाचपता येतील. तिला अक्षरओळख असो नसो, इथे त्यांचं नाव आहे एवढं तिच्या हाताला कळेल. म्हणून पाटी डोक्याच्या उंचीवर नाही, जमिनीपासून साडेतीन फुटांवर. पश्चिमेच्या भिंतीवर लावू नका, काळा दगड एप्रिल-मे मध्ये दुपारी हात पोळवतो.

मजकूर सहा-सात ओळींचा: हुद्दा आणि नाव, पलटण आणि रेजिमेंट, सेवेचा कालावधी, १९७१ च्या युद्धात सहभाग, जन्म-मृत्यू, आणि एक ओळ "... यांचे पती", आईच्या नावानं. बायकांच्या पाट्यांवर "यांच्या पत्नी" नेहमी असतं, इथे उलटं शोभेल. कोरायला देण्याआधी तेवढ्याच आकारात कागदावर छापून भिंतीला दोन दिवस चिकटवा. येणारा-जाणारा कागदावरची चूक काढतो, एकदा दगडावर कोरली की ती निघत नाही.

अनावरणाला पाटीवर तिरंगा टाकू नका. ध्वजसंहितेत पुतळा किंवा स्मारक झाकायला राष्ट्रध्वज वापरायला मनाई आहे. ध्वजावर फोटो किंवा नाव छापायचं नाही. साधं पांढरं कापड किंवा आईची साडी चालते.

त्या दिवशी गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना ठेवलीत तर गावाला नवं काही शिकवावं लागणार नाही. आईच्या रेकॉर्डिंगमधली तीन-चार मिनिटं जेवणाआधी ऐकवा, पंगत उठल्यावर कुणी थांबत नाही. भाषणं दोन. तालुक्यातल्या माजी सैनिकांना महिनाभर आधी कळवा, ते पदकं लावून येतात आणि आईजवळ येऊन स्वतःची पलटण सांगतात. त्यांना तिच्याशी बोलायला मोकळा वेळ ठेवा.

मंडपवाल्याला आदल्या दिवशी नाही, चार दिवस आधी घरी बोलवा आणि दोर दाखवा. दोन्ही बाजूंनी दोन-दोन फूट मोकळं सोडायचं, बांबू त्या रेषेत रोवायचा नाही, कनातीचा ताण त्या खांबाला द्यायचा नाही, खुर्च्या तिकडे लावायच्या नाहीत. त्या दिवशी घरात अनोळखी पावलं फार असतील आणि आईला दोराची गरज रोजच्याहून जास्त पडेल. एका नातवाला फक्त एवढंच काम द्या, दोराची वाट मोकळी ठेवायची.